मटकीला मोड आणताना पाणी निथळणं महत्त्वाचं

मोड आलेली मटकी आता पाकिटातही मिळते, पण घरच्या ताज्या मोडांची गोडी वेगळीच. मोड आणायला कष्ट फारसे नाहीत. मटकीला वास येणं, ती बुळबुळीत होणं हे बहुतेक वेळा पाणी नीट न निथळल्यामुळे घडतं.

मटकी शक्यतो नवी घ्या. जुन्या मटकीत गणंग, म्हणजे न भिजणारे कडक दाणे, जास्त निघतात. पेरणीसाठी आणलेलं बियाणं मात्र कधीही वापरू नका, त्याला बऱ्याचदा औषध चोळलेलं असतं.

वाटीभर मटकी निवडून तीन-चार पाण्यांनी धुवा आणि मोठ्या भांड्यात तिप्पट पाणी घालून 8 ते 10 तास भिजवा. थंडीत पाणी कोमट घ्या. भिजल्यावर बोटांना खड्यासारखे लागणारे दाणे वेचून टाका. उसळीत असा एक दाणा राहिला तरी दाताखाली कळतो.

भिजवलेलं पाणी ओतून द्या, मटकी पुन्हा धुवा आणि चाळणीत उपसून अर्धा तास ठेवा. चाळणी तिरकी ठेवली की तळाशी अडकलेलं पाणीही उतरतं. मूठभर मटकी हातात घेऊन बघा: तळवा ओलसर व्हायला हवा, पण थेंब गळता कामा नये. मग स्वच्छ धुऊन घट्ट पिळलेल्या सुती पंचात तिची सैलसर पुरचुंडी बांधा. मोड येताना दाणे श्वास घेतात, त्यांना हवा लागते. आवळून बांधलं तर मधली मटकी आंबते. पुरचुंडी चाळणीतच ठेवून वर झाकण घाला. उन्हाळ्यात रात्रभरात मोड दिसतात, थंडीत दीड दिवसही लागतो. फडकं सुकलं तर पाण्याचा हबका मारा. दमट हवेत मधे एकदा मटकी धुऊन, निथळून पुन्हा बांधा.

जी ऊब आणि ओल मोडांना लागते, तीच जंतूंनाही मानवते. 2011 मध्ये जर्मनीत ई. कोलायची मोठी साथ आली, 50 हून अधिक माणसं दगावली. तपासाअंती संशय मेथीच्या मोडांवर आला. म्हणून हात, भांडी, फडकं स्वच्छ हवंच. लहान मुलं, गरोदर बायका आणि वयस्कर माणसांना मोड कच्चे देऊ नका, नीट शिजवून द्या. राजमा तर मोड आलेलासुद्धा कच्चा किंवा अर्धाकच्चा कुणीच खाऊ नये. तयार मोड कोरडे करून डब्यात भरा, फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. वास आला तर सरळ टाकून द्या.

मटकीचा हात बसला की बिरड्यासाठी, म्हणजे सोललेल्या वालांच्या उसळीसाठी, कडवे वाल घ्या. रीत हीच, फक्त वेळ जास्त लागतो, आणि वालाला वास लवकर येतो म्हणून ते दिवसातून दोनदा धुवा. मोड आले की वाल कोमट पाण्यात टाका. सालं सुटली की दाणा चिमटीत दाबायचा, आतली डाळिंबी, म्हणजे सोललेला वाल, अलगद बाहेर येते.