ट्यूब अ‍ॅम्पचा बास आवरला, त्याची गोष्ट

शाहूपुरीतल्या आमच्या सरावाच्या खोलीत एक हाताने बांधलेला ट्यूब अ‍ॅम्प आहे. १२एएक्स७ ट्यूबचा प्रीअ‍ॅम्प (गिटारचा सिग्नल आधी वाढवणारा भाग), फेंडर पद्धतीचं टोन सर्किट (बास, मिड, ट्रेबल कमी-जास्त करणारं). आवाज गोड, पण व्हॉल्यूम चढवला की खालच्या ई तारेवरचे कॉर्ड नुसते गदगदायचे. बेस गिटारवाला वैतागायचा, "भावा, मला काय ठेवलंस?"

टोन सर्किटमधला बासचा कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरडचा होता, तो ०.०४७ केला. त्या जागी प्लेटचं (ट्यूबच्या आउटपुट टोकाचं) व्होल्टेज येतं, म्हणून ४०० व्होल्टच्या वरचाच घ्यायचा. फरक पडला, पण ओव्हरड्राइव्हमधला (आवाज फाटेपर्यंत चढवल्यावरचा) चिखल तसाच.

खरं दुखणं टोन सर्किटच्या आधी होतं. पहिल्या ट्यूबच्या कॅथोडला (ट्यूबच्या एका टोकाला) १.५ किलोओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर २५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे गिटारच्या कितीतरी खालचा बासही पूर्ण ताकदीनं पुढं. तिथं १ मायक्रोफॅरड लावला. हिशेबानं ८२ हर्ट्झची ई साधारण ४ डेसिबलनं उतरते, वरचं जसंच्या तसं. इथं व्होल्टेज दीड-दोनच, त्यामुळं साधा कपॅसिटरही चालतो.

एक मात्र पक्कं. प्लग काढला तरी पॉवर सप्लायच्या फिल्टर कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट बसलेले असतात. रेझिस्टरमधून उतरवायचे, मीटरवर शून्य बघायचं, मगच सोल्डरिंग आयर्न उचलायची. घाई लई महागात पडते.

टोन सर्किटमधला स्लोप रेझिस्टर १०० किलोओहमवरून ५६ वर आणला तर मिड (मधले स्वर) वाढतो. तो बदल सोडून दिला, क्लीन आवाज आहे तसाच मला आवडतो.