हैदराबादला जाताय? वार आणि वेळेच्या या चुका टाळा

शुक्रवारी सकाळी साडेदहाला आम्ही चौघं एका बंद फाटकासमोर उभे होतो. सोबत पुण्याहून आलेली नणंद आणि तिची दोन मुलं, रिक्षा सोडून दिलेली, वर ऊन. काचीगुड्याच्या आत्याला फोन केला तर ती म्हणाली, "अगं, आज जुम्मा! घरातून निघताना मला विचारायचं तरी."

नांदेडहून मी वर्षातून दोन-तीनदा हैदराबादला जाते आणि पाहुण्यांना शहर दाखवायचं काम बहुतेक माझ्याकडेच येतं. सगळ्यांच्या याद्या सारख्याच असतात: चारमिनार, गोळकोंडा, सालारजंग, रामोजी, बिर्याणी. यादीत काही चुकत नाही. चुकतो तो वार, आणि त्याहून जास्त चुकते वेळ.

शुक्रवार कोरा ठेवू नका, पण ओळखून ठेवा

सालारजंग म्युझियम, चौमहल्ला पॅलेस आणि कुतुबशाही कबरी ही तिन्ही ठिकाणं शुक्रवारी बंद असतात. दुपारच्या नमाजाला मक्का मशिदीजवळ एवढी गर्दी होते की चारमिनारच्या परिसरात पाय ठेवायला जागा नसते. प्राणिसंग्रहालयाची सुट्टी सोमवारी. तुमच्या वाट्याला शुक्रवार आलाच असेल तर तो गोळकोंड्याला द्या, नाहीतर रामोजीला.

रामोजी फिल्म सिटीला मात्र अख्खा दिवस लागतो. ती शहरापासून तीसेक किलोमीटरवर, विजयवाड्याच्या रस्त्याला आहे. "सकाळी रामोजी, संध्याकाळी चारमिनार" हा बेत मी आजवर एकाचाही पार पडलेला पाहिला नाही. मेट्रोच्या लाल मार्गावरचं शेवटचं स्टेशन एल. बी. नगर त्याच बाजूला येतं. तिथपर्यंत मेट्रोने जा आणि पुढचं वाहन तिथून करा.

स्टेशन कुठलं, ते तिकिटावर वाचा

सिकंदराबाद, नामपल्ली (याचंच नाव हैदराबाद डेक्कन), काचीगुडा, लिंगमपल्ली अशी बरीच स्टेशनं आहेत. घरात सगळेच सरसकट "हैदराबादची गाडी" म्हणतात, मग न्यायला आलेला माणूस एका स्टेशनवर थांबतो आणि पाहुणा दुसऱ्यावर उतरतो. मुंबई-पुणे-सोलापूरकडून वाडीमार्गे येत असाल आणि मुक्काम गचीबावली किंवा हायटेक सिटीला असेल, तर गाडी लिंगमपल्लीला थांबते का ते बघून तिथेच उतरा, शहर ओलांडून परत यायची पायपीट वाचते. नामपल्लीला जायचं असताना चुकून सिकंदराबादला उतरलात तर घाबरू नका. सिकंदराबाद ईस्टहून निळी मेट्रो धरा, अमीरपेटला बदला, लाल मार्गाने नामपल्ली.

गोळकोंडा भरदुपारी चढू नका

सगळ्यात जास्त वाया जातो तो गोळकोंडा. लोक अकराला पोचतात, बाराला साडेतीनशेच्या वर पायऱ्या चढायला घेतात, निम्म्यात मुलं रडायला लागतात आणि "नुसते दगड आहेत" म्हणत खाली येतात. तीनच्या सुमारास जा. पाणी आणि टोपी घ्या, चढ सावकाश घ्या, म्हणजे उन्हं उतरताना तुम्ही बालाहिसारच्या, म्हणजे किल्ल्याच्या सगळ्यात उंच भागाच्या, माथ्यावर असाल.

आणखी एक चूक म्हणजे टाळी वाजवून सगळ्यांनी एकदमच पुढे निघणं. प्रवेशाच्या दरवाजातल्या घुमटाखाली वाजवलेली टाळी वर माथ्यावर ऐकू येते. शत्रू दाराशी आल्याची खबर वर पोचावी म्हणून ही रचना होती. पण वर कुणी नसेल तर ऐकणार कोण? एकाला खाली थांबवा, बाकीचे वर जा आणि वरून फोन करून सांगा, "आता वाजव." माझ्या भाच्याने वरून ती टाळी ऐकली आणि खालच्या मामाला पाच वेळा वाजवायला लावली. तेवढ्यात बाकीच्यांनी पाणी वर चढवण्यासाठी घातलेल्या भाजक्या मातीच्या नळ्या शोधल्या. भद्राचलमचे भक्त रामदास ज्या कोठडीत कैदेत होते तीही वाटेतच आहे. आषाढातला बोनालूचा उत्सव याच किल्ल्यावरच्या देवीपासून सुरू होतो.

आपल्या माणसांनी इथे घाई करू नये, असं मला फार मनापासून वाटतं. 1677 मध्ये शिवाजी महाराज दक्षिणेच्या मोहिमेवर निघाले तेव्हा याच भागानगरात, म्हणजे हैदराबादेत, गोळकोंड्याचा सुलतान अबुल हसन कुतुबशहा याला भेटले. पुढे 1687 मध्ये औरंगजेबाने आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर हा किल्ला घेतला. माथ्यावर उभं राहून हे मुलांना सांगितलं की त्यांना ते दगड वेगळे दिसायला लागतात.

चारमिनारला दोनदा जा

1591 मध्ये महंमद कुली कुतुबशहाने बांधलेली ही इमारत आणि तिच्या पायाशी पसरलेला लाड बाजार एका दमात बघायचा नसतो. सकाळी आठला पोचा. कबुतरं, मोकळा चौक, इराणी चहा. तिकीटखिडकी उघडली की लगेच वर चढून या, कारण नंतर त्या अरुंद गोल जिन्यात चढणारे आणि उतरणारे एकमेकांत अडकतात. बाजार मात्र अकरापर्यंत डोळेच चोळत असतो. तो संध्याकाळी दिवे लागल्यावर बघा. गाडी आत नेऊ नका, मदिना चौकापाशी सोडून चालत जा.

लाड बाजारात तयार बांगड्यांच्या रांगा बघून लगेच घासाघीस सुरू करू नका. आधी बांगडी घडते कशी ते बघा. निखाऱ्यावर लाख मऊ करतात, तिची वळी करतात, ती वळवून टोकं जोडतात आणि लाख गरम असतानाच एकेक खडा चिमट्याने बसवत जातात. मी पाहिलेल्या बाईंच्या बोटांची टोकं तांबूस, कडक झाली होती आणि खडे बसवताना त्या मान वर करत नव्हत्या. ते पाहिल्यावर माझ्या नणंदेने सांगितलेल्या किमतीतून वीस रुपयेच कमी करून मागितले.

मोत्यांचं वेगळं. हैदराबाद ही मोत्यांची बाजारपेठ आहे, मोती इथल्या पाण्यातले नाहीत. दाताच्या कडेवर हलकं घासून बघा: खऱ्या मोत्याला कच लागते, काचेचा गुळगुळीत सरकतो. पक्कं बिल घ्या.

आणि कृपा करून शुद्ध हिंदी बोलायचा आटापिटा करू नका. इथल्या दखनीत "नक्को" आहे, "हौ" आहे. ती भाषा शतकानुशतकं आपल्या शेजारी वाढली. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात. माझ्या आजीच्या बोलण्यातले कितीतरी शब्द मला चारमिनारजवळच्या पत्थरगट्टी बाजारातल्या दुकानात परत भेटतात.

सालारजंगमध्ये घड्याळ चुकवू नका

दालनं बघत हिंडताना तास उलटून जातो आणि लोक संगीतमय घड्याळ न बघताच बाहेर पडतात. त्यातला एक लोहार अखंड सेकंद ठोकत असतो आणि दर तासाला एक दाढीवाला म्हातारा बाहेर येऊन टोले देतो. दुपारी बाराची वेळ साधा, बारा टोले ऐकायला मिळतात. पंधरा मिनिटं आधी बाकावर जागा धरा.

बिर्याणी: माणशी प्लेट मागवू नका

मोठ्या हॉटेलांत एक प्लेट दोघांना सहज पुरते. माणशी एक मागवली तर निम्मी टाकून उठावं लागतं. ही कच्च्या गोश्ताची बिर्याणी असते: मसाला लावून मुरवलेलं कच्चं मटण तळाला, त्यावर अर्धवट शिजलेला तांदूळ, आणि झाकणाला कणीक लावून दम. म्हणून मसाला खाली आणि वर पांढरा भात. वरवरचा भात खाऊन "फिकी आहे" म्हणू नका, तळापासून वर काढून घ्या. रस्सा मागू नका, सोबत मिर्ची का सालन आणि दही चटणी येते. दुपारी एकच्या आत जा, हंडी ताजी असते.

हलीम हवं असेल तर रमजानात या. गहू, मटण आणि डाळी तासन्‌तास घोटलेलं हलीम तेव्हा संध्याकाळनंतर गल्लोगल्ली मिळतं. हा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, तिकीट काढण्याआधी कॅलेंडर बघा. त्या दिवसांत जुन्या शहरातली बरीच खाणावळ दुपारी बंद असते, जेवणाची सोय दुसरीकडे करा.

शाकाहारी मंडळी पनीरवर दिवस काढतात, याचं मला वाईट वाटतं. तेलुगू पद्धतीचं जेवण मागा. गोंगुरा म्हणजे आपली अंबाडीच. गरम भातावर पोडी (डाळींची कोरडी चटणी) आणि तूप, सोबत पप्पू, म्हणजे घट्ट वरण. सकाळी मुगाचा पेसरट्टू, आत उपमा, वर आल्याची चटणी. माझी शाकाहारी सासू दोन दिवस हेच खात होती आणि तिसऱ्या दिवशी तिने अंबाडीची कृती लिहून घेतली.

निघताना

विमानतळ शमशाबादला आहे, तिथे मेट्रो जात नाही. संध्याकाळचं विमान असेल तर पुष्पक ही विमानतळाची बस धरा आणि हातात तीन तास ठेवा. अनंत चतुर्दशीला हुसेनसागरकडे विसर्जनाच्या मिरवणुका असतात आणि रस्ते बंद होतात, त्या दिवशी परतीचं तिकीट काढूच नका. उस्मानिया बिस्किटं घ्यायची असतील तर शेवटच्या दिवशी घ्या आणि घरून स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा न्या. कागदी खोक्यातली नांदेडला पोचेपर्यंत सादळतात.