डुकराच्या केसांचा शेव्हिंग ब्रश फेस गिळतो, टोचतो: शेवटी जमलं

वाटीत फेस मस्त व्हायचा, पण गालावर दुसरा हात फिरवेपर्यंत गायब. टोकं टोचायची. ब्रश ओला केला की गोठ्यासारखा वास. मित्राचा बॅजर या प्राण्याच्या केसांचा ब्रश तेवढ्याच साबणात दोन दाढ्या उरकायचा. साबण वाढवून पाहिला, उकळतं पाणी ओतलं (हे करू नका, केस मुळाशी चिकटवलेले असतात). महिनाभराने वैतागून फोमच्या डब्याकडे वळलो होतो.

चूक भिजवण्यात होती. बॅजरचा ब्रश बुचकळला की तयार. डुकराचे केस मात्र आधी स्वतः पाणी पितात, मगच मऊ पडतात. नीट भिजले नाहीत तर ते फेसातलंच पाणी ओढतात.

मग असं केलं. पहिल्या दिवशी थेंबभर शॅम्पू घालून कोमट पाण्यात धुतला. त्यानंतर रोज दाढीआधी दहा मिनिटं कोमट पाण्यात. फक्त केस बुडवायचे, लाकडी मूठ बाहेर. दोनदा झटकला, पिळला नाही. साबणावर पाऊण मिनिट घोळवला. दाढीनंतर खळखळून धुतला, टॉवेलवर टिपला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत उघड्यावर वाळवला. बाथरूमच्या कपाटात नाही, पावसाळ्यात तर मुळीच नाही.

वास आठवड्यात गेला. सोळाव्या दाढीला टोकं भिंगातून पाहिली: बऱ्याच केसांना दोन-दोन, तीन-तीन फाटे फुटले होते. त्यामुळे आता टोचत नाही, आणि फेस तीन हातांना पुरतो. केसांचा ताठपणा बॅजरपेक्षा जास्तच आहे. मला तोच आवडतो.