विहिरीची पाणीपातळी अचूक कशी मोजावी

नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर-निफाडकडे विहिरीची पातळी मोजायची तर आधी मोटार किमान 12 तास बंद हवी. इथल्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे काळ्या पाषाणात, पाणी भेगांतून आणि झिजलेल्या थरांतूनच झिरपतं, उपशानंतर विहीर सावकाश भरते. घाईची नोंद पाणी आहे त्यापेक्षा खोल दाखवते. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीत शेजारच्या विहिरीचा उपसाही विचारून घ्या, त्यानेही आपली पातळी उतरू शकते.

कठड्यावर रंगाची खूण करा, दर वेळी तिथूनच मोजा. स्टीलच्या टेपला वजन बांधा, खालच्या मीटरभर खडू घासा, टोक पाण्यात बुडवा. समजा टेपवर खुणेपाशी 10.00 मीटर आणि खडूची ओल 0.60 पर्यंत, म्हणजे अंतर 9.40. त्यातून कठड्याची उंची, समजा 0.75, वजा केली की जमिनीपासून 8.65 मीटर. नेमकी हीच वजाबाकी राहून जाते! मेअखेर आणि पावसाळा संपल्यावर, त्याच विहिरीवर, दरवर्षी मोजा.