राष्ट्रीय संघाला परदेशी प्रशिक्षक हवा का? आधी हे तपासा

शिवाजी पार्कात बारा वर्षं पोरांना फुटबॉल शिकवतोय. भारताच्या प्रत्येक पराभवानंतर त्यांचे पालक मला हाच प्रश्न विचारतात. मी त्यांना काय सांगतो, ते इथे लिहितो.

पासपोर्ट शेवटी बघा. आधी इतिहास. 1951 आणि 1962 ची एशियाडची सुवर्णपदकं आपल्याला हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम यांनी मिळवून दिली. दुसरीकडे, जर्मन ओटो रेहागेल यांनी 2004 मध्ये ग्रीसला युरोपचा विजेता केलं. पण 2022 पर्यंत एकाही देशाने परदेशी प्रशिक्षकाच्या हाताखाली विश्वचषक जिंकलेला नाही.

मग भाषा. हे मी फार जवळून पाहिलंय. एकदा एक पाहुणा प्रशिक्षक इंग्रजीत ‘प्रेस, प्रेस’ ओरडत होता आणि आमचा लेफ्ट बॅक जागेवरच उभा. मी म्हटलं, “अरे, अंगावर जा त्याच्या!” पोरगा बाणासारखा सुटला. राष्ट्रीय शिबिरात मिझो, मल्याळी, बंगाली, पंजाबी मुलं एकत्र येतात आणि वेळ मोजकाच मिळतो.

आणि विचारा, हा माणूस आपल्या देशातल्या क्लबांचे सामने बघायला जाईल का? खालिद जमील यांनी 2017 मध्ये मिझोरामच्या आयझॉल क्लबला आय-लीग ही देशातली क्लब स्पर्धा जिंकून दिली. 2025 मध्ये त्यांना भारताचं प्रशिक्षकपद मिळालं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

परदेशी माणूस आणायचाच, तर करारात एक अट घालून घ्या: दोन भारतीय सहाय्यक, पहिल्या दिवसापासून.