एचलेजरचा फोरकास्ट मधले महिने गाळत होता

घरभाडं आणि एसआयपी दर महिन्याला ठरलेले, म्हणून एचलेजर (hledger, कमांड लाइनवरचं हिशेबाचं सॉफ्टवेअर) याच्या जर्नलमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, ~ ने सुरू होणारे, ठरावीक काळाने येणाऱ्या व्यवहारांचे नियम लिहून ठेवलेत. पण --forecast (या नियमांवरून पुढच्या नोंदींचा अंदाज दाखवणारा पर्याय) लावून रजिस्टर, म्हणजे नोंदींची यादी, बघितलं की नोव्हेंबर ते मार्च सगळं कोरं, नोंदी थेट एप्रिलला उगवायच्या! कारण एकच ओळ: 31 मार्च 2026 च्या तारखेने आधीच टाकलेला विम्याचा हप्ता. अंदाज सुरू होतो तोच शेवटच्या साध्या (~ नियमाची नसलेल्या) नोंदीच्या दुसऱ्या दिवसापासून. हप्ता काढायची गरज नाही; --forecast=2025-11-01.. असं दिलं की मधले महिने भरतात. मधलं = चिन्ह मात्र हवंच. आणि हो, ‘~ monthly’नंतर वर्णन लिहायचं तर आधी दोन स्पेस सोडा, एकाच स्पेसवर एचलेजर वर्णनालाही कालावधीच समजतं. शेवटची तारीख दिली नाही तर अंदाज आजपासून 180 दिवसांवर थांबतो.