आधी संडासाची टाकी, मग डोंगर: परदेशात पहिल्यांदा मोटरहोम घेताना

किल्ली देणारा माणूस फक्त ड्रायव्हरशी बोलतो. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला आम्ही मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं भाड्याचं घर, ताब्यात घेतली तेव्हा आमचे हे आरसे आणि रिव्हर्सचा कॅमेरा बघण्यात गुंग होते, नणंदेचे यजमान बॅगा मोजत होते. मी मात्र त्या मुलाच्या मागे मागे हिंडून एकेक नळ, एकेक बटण दाखवून घेतलं आणि सगळ्याचा व्हिडिओ काढला. साताऱ्यात २२ वर्षं खानावळ चालवली आहे मी. गॅस, पाणी आणि मोरी, यातलं एक अडलं की सगळंच अडतं. यवतेश्वरच्या घाटात हात बसलेल्या माणसाला तिथले रस्ते जड जात नाहीत. जड जातं ते मागचं घर. म्हणून घर जो चालवणार, त्याने किल्ली घेताना हजर राहायचंच.

पहिल्या खेपेला न्यूझीलंड निवडलं ते गाडी आपल्यासारखी डावीकडून चालते म्हणून. लायसन्स इंग्रजीत असेल तर तिथे चालतं, तरी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घेतला. तो एकच वर्ष चालतो, फार आधी काढू नका. डिसेंबर-जानेवारीत तिथल्या शाळांना सुट्टी असते, सगळं महाग आणि भरलेलं. आम्ही मार्चमध्ये गेलो. दिवसा ऊन, रात्री टेकापो तलावाकाठी दोन पांघरुणं.

सामान मऊ बॅगांत भरा. कडक सुटकेस ठेवायला गाडीत जागाच नसते. रोज रात्री ती उचलून ड्रायव्हरच्या सीटवर आणि सकाळी परत पलंगावर. खाण्याचं जे काही नेताय ते देशात शिरताना भरायच्या फॉर्मवर लिहायचं, अगदी मसाल्याची पुडीसुद्धा. लपवलेलं सापडलं तर ४०० डॉलर दंड. मध, ताजा कढीपत्ता, मोड येतील असं अख्खं कडधान्य घरीच ठेवा. कंदी पेढ्यांचा मोह मीही आवरला, दुधाच्या पदार्थांचे नियम कडक आहेत. अजिंक्यताऱ्यावर फिरायचे बूट नेणार असाल तर तळव्यांतली माती ब्रशने काढा आणि तेही फॉर्मवर लिहा. डाळ-तांदूळ तिथल्या भारतीय दुकानांत मिळतात.

उतरल्या दिवशी गाडी घेऊ नका. तिथलं घड्याळ मार्चमध्ये आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे असतं. एक रात्र हॉटेलात झोपा.

आता मुख्य गोष्ट. संडासाखाली एक सरकती टाकी असते, तिला कॅसेट म्हणतात. साधारण १८ लिटरची, म्हणजे चौघांना दोन दिवसही पुरत नाही. लाल दिवा लागायची वाट बघू नका, रोज सकाळी चहाआधी रिकामी करा. आतली झडप बंद केल्याशिवाय ती बाहेर येतच नाही, ओढाताण करू नका. गाडीच्या बाहेरून छोटं दार उघडून ती ओढायची आणि डम्प स्टेशनवर, म्हणजे घाण ओतायच्या ठरलेल्या जागी, न्यायची. हॉलिडे पार्कात, म्हणजे पैसे भरून गाडी लावायच्या मुक्कामाच्या जागी, ते असतंच, बऱ्याच गावांतही असतं. तोटी बाहेर वळवून झाकण काढायचं, टाकी तिरपी करायची, आणि तोटीचं तोंड खालच्या दिशेला झालं की मगच अंगठ्याने हवेचं बटण दाबायचं. ते न दाबता ओतलं तर डबक डबक करत उसळी मारतं. नणंदेच्या यजमानांच्या नव्या बुटांना पहिल्याच दिवशी प्रसाद मिळाला. मग दोनदा विसळून, थोडं पाणी आणि ते निळं औषध घालून टाकी परत बसवायची. हातमोजे इथूनच न्या.

ताजं पाणी भरायची नळी वेगळी आणि घाण धुवायची वेगळी. डम्प स्टेशनवरच्या नळाची नळी आपल्या पाण्याच्या टाकीत घालू नका, आधी कोणी कशाला वापरली ते माहीत नसतं. पाण्याच्या बाबतीत आपण तरबेज. नळाला पाणी येण्याच्या वेळा सांभाळून वाढलेल्या बाईला शंभरेक लिटर पुष्कळ होतं. ताटं आधी कागदाने पुसायची, मग धुवायची.

वीज दोन प्रकारची. पार्कातल्या विजेच्या खांबाला वायर जोडली की प्लगवर चालणारं सगळं चालतं. नाही जोडली तर बॅटरीवर फक्त दिवे, पंप आणि एवढंतेवढं. मायक्रोवेव्ह नाही, मिक्सर तर विसराच. म्हणून दोन रात्री रानात काढल्या तर तिसरी खांबाजवळ, असा आमचा हिशोब होता. रानात फुकट राहायलाही बहुतेक ठिकाणी गाडीला स्वयंपूर्ण असल्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि २०२३ च्या कायद्याने त्यासाठी पक्का बसवलेला संडास हवा. स्वस्तातली छोटी व्हॅन घेणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्यावं.

फोडणी हा स्वतंत्र विषय आहे. सकाळी सात वाजता मी मोहरी-मिरची तेलात टाकली आणि धुराचा अलार्म असा किंचाळला की शेजारच्या गाडीतल्या आजी झग्यावरच बाहेर आल्या. छताची खिडकी आधी उघडा, किंवा फोडणी पार्कातल्या सामाईक स्वयंपाकघरात द्या. गाडीत थालीपीठ बरं; हातावर थापायचं, लाटणं-पोळपाट नको.

निघण्याआधी सिलिंडर बंद, पंप बंद, छताची खिडकी बंद, आणि प्रत्येक ड्रॉवरची खिट्टी लागली का ते हाताने ओढून बघायचं. आमचा चमच्यांचा खण पहिल्याच चौकात वळणावर सुटला आणि हे घाबरून थांबले, काही ठोकलं की काय म्हणून. उत्तर आणि दक्षिण बेटांमधल्या वेलिंग्टन-पिक्टन बोटीवर चढतानाही गॅस बंदच लागतो.

रस्त्याचं थोडक्यात सांगते. साडेतीन टनांवरच्या गाडीला वेग ९० पर्यंतच. मागे रांग लागली की डावीकडे घेऊन जाऊ द्या. एकपदरी पूल पुष्कळ आहेत. आपल्या बाजूला छोटा लाल बाण दिसला की थांबायचं ते आपण. नकाशावरचे तास आपल्याला लागू नाहीत, दिवसाला दोनशे-अडीचशे किलोमीटर पुष्कळ झाले. मिलफर्डच्या खाडीकडे जाताना डिझेल ‘ते अनाऊ’ नावाच्या गावातच भरा, आणि तिथल्या बारीक चावऱ्या माश्यांसाठी मलम बाहेरच ठेवा, बॅगेच्या तळाशी नको.

डिझेल गाडीवर किलोमीटरप्रमाणे रस्त्याचा कर असतो, तो भाड्यात धरलाय का हे बुकिंगलाच विचारा. परत देताना कॅसेट आणि सांडपाण्याची टाकी दोन्ही रिकाम्या लागतात, नाहीतर पैसे कापतात. आणि बसायच्या बाकाखालचे कप्पे उघडून बघा. माझी चांगली जुनी सांडशी तिथेच राहिली.